दाराचे जुने रबर तेल चोळून नवे होत नाही

जुन्या मोटारी सांभाळणाऱ्यांमध्ये गेले काही दिवस एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: दारांचे आणि डिकीचे रबर बदलणे हा अनाठायी खर्च आहे, कडक झालेल्या रबराला पेट्रोलियम जेली किंवा हलके यंत्रतेल चोळले की ते पुन्हा नव्यासारखे होते, तरीही फट राहिली तर तिच्यात सिलिकॉन भरावे, गाडीत पाणी येत असेल तर दोष दाराच्या रबराचाच असतो, आणि बदलायचेच ठरले तर मीटरवर मिळणारी कोणतीही पट्टी चांगली ताणून बसवावी, कारण हे रबर शेवटी आवाज आणि धूळ अडवण्यापुरतेच असते.

हा मजकूर लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असावा, आणि त्यातले काही अंशतः खरेही आहे. पण तो जसाच्या तसा पाळला तर जुन्या गाडीचा पत्रा आतून सडतो. बावीस वर्षांच्या माझ्या गाडीवर त्यातल्या दोन गोष्टी मी स्वतः करून पाहिल्या आहेत आणि पुढे त्या निस्तरल्याही आहेत, म्हणून एकेक विधान घेऊन हे सविस्तर लिहितो आहे.

तेलाच्या उपायापासूनच सुरुवात करू, कारण तो सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत नुकसानकारकही तोच आहे. गेल्या काही दशकांतल्या बहुतेक गाड्यांच्या दारांचे रबर ईपीडीएम या प्रकारचे असते. इथिलीन, प्रोपिलीन आणि थोडे डायीन यांपासून बनणारे हे रबर 1960 च्या दशकात बाजारात आले. त्याच्या रेणूंच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसल्यामुळे ऊन, ओझोन आणि पाऊस यांपुढे ते नैसर्गिक रबरापेक्षा कितीतरी अधिक टिकते. मात्र खनिज तेलापुढे त्याचे काही चालत नाही. पेट्रोलियम जेली, इंजिन ऑइल, ग्रीस, गंजलेले नट सोडवण्याचा फवारा हे सगळे पदार्थ त्याच्या साखळ्यांमध्ये शिरतात आणि रबर फुगते. फुगलेले रबर बोटाला मऊ लागते, म्हणूनच हा उपाय करणाऱ्याला दोन-चार दिवस आपण जिंकलो असे वाटते. मलाही वाटले होते. दीड महिन्याने पाहिले तेव्हा मागच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातले रबर लांबट होऊन आपल्या खाचेतून बाहेर लोंबत होते, त्याला धूळ चिकटून काळा राप धरला होता, आणि नखाने दाबल्यावर पडलेली खूण तशीच राहत होती.

ती न भरणारी खूणच या विषयाचे मर्म आहे. दाराचे रबर फट बुजवत बसत नाही. दार मिटले की ते दाबले जाते, आणि दाबलेले असताना ते सतत परत ढकलत असते; त्या उलट दाबामुळेच पाणी आणि वारा अडतो. वर्षानुवर्षे दाबलेल्या अवस्थेत राहिल्यावर रबराची ही उसळी कमी होत जाते. रबर उद्योगात तिचे रीतसर मोजमाप होते: नमुना साधारणपणे 25 टक्के दाबून ठरावीक तापमानाला ठरावीक तास ठेवायचा, मोकळा करून 30 मिनिटांनी जाडी मोजायची आणि दाबलेल्या भागापैकी किती परत आला नाही हे काढायचे. हा आकडा 100 टक्के असेल तर रबर जराही उसळलेले नाही. तेलाने मिळणारा मऊपणा आणि ही उसळी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गेलेली उसळी कोणतेही तेल, क्रीम किंवा गरम पाणी परत आणत नाही, कारण रबराच्या आतली जोडणीच बदललेली असते.

मग या उपायातले खरे किती? रबर अजून उसळत असेल, तर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून, कोरडे करून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवणे उपयोगाचे आहे. सिलिकॉन ग्रीस ईपीडीएमला फुगवत नाही आणि रबर रंगाला चिकटून फाटत नाही. गरम पाण्याचाही एक उपयोग आहे, पण तो नव्या पट्टीसाठी: घडी घालून आलेल्या पट्टीवरचा मोड ऊब दिल्यावर निघून जातो. जुन्या, चपट्या झालेल्या रबराला त्याने काही फरक पडत नाही.

आपले रबर कोणत्या अवस्थेत आहे हे ठरवायला महागडे साधन लागत नाही. कागदाची बोटभर रुंद पट्टी दारात ठेवून दार मिटावे आणि ती हळू ओढावी. सगळीकडे सारखी ओढ लागायला हवी. जिथे ती अलगद निसटते तिथे रबराचा दाब उरलेला नाही. ही चाचणी दर वीतभर अंतरावर करावी, विशेषतः वरच्या मागच्या कोपऱ्यात आणि बिजागरीच्या बाजूला. सगळीकडे ओढ असेल तर रबर बदलू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. काही ठिकाणी मूळ रबराचा दर्जा नव्या पर्यायी रबरापेक्षा चांगला असतो.

फटीत सिलिकॉन भरण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. सर्वसाधारण वापरातल्या बऱ्याच सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यातून ॲसिटिक आम्ल बाहेर पडते. ते उघड्या पत्र्याला लागले की गंजाला आमंत्रण मिळते, आणि रबराखालच्या पत्र्याच्या कडेवरचा रंग जुन्या गाडीत बहुधा आधीच उडालेला असतो. शिवाय सिलिकॉनचा पातळ थर जरी राहिला तरी पुढे त्या जागी ना रंग धरत, ना नव्या रबराचा गोंद. आणि जी वस्तू रोज दाबली जाऊन सुटायला हवी, ती एका जागी चिकटवून टाकल्यावर तिचे काम उरतच नाही.

आता पाण्याचा मुद्दा. गाडीत पाणी म्हणजे दाराचे रबर खराब, हे समीकरण इतके रुजले आहे की चांगले मेकॅनिकही आधी रबर सुचवतात. माझ्या गाडीत डाव्या बाजूला पायाखालचा गालिचा प्रत्येक पावसानंतर ओला व्हायचा. एकदा दाराचे रबर बदलले, पाणी येतच राहिले. मग तेच पुन्हा काढून बसवले, तरीही येत राहिले. शेवटी पुढच्या काचेखालची, वायपरच्या मुळाशी असलेली जाळी उघडली तेव्हा तिच्याखालच्या पन्हळीत कुजलेल्या पानांचा ओला गोळा निघाला. निचऱ्याचे तोंड बुजल्याने पाणी साचून हवेच्या मार्गाने आत उतरत होते.

दाराच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. काच खाली सरकते त्या फटीतून थोडे पाणी दारात शिरणारच, हे गृहीत धरूनच दार घडवलेले असते. ते दाराच्या तळाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर पडते, आणि आतल्या पॅडमागे लावलेला प्लास्टिकचा पडदा त्याला गाडीत येऊ देत नाही. कधीतरी काचेची मोटर किंवा स्पीकर दुरुस्त करताना हा पडदा फाडला जातो आणि परत नीट चिकटवला जात नाही. मग दाराच्या आतून पाणी थेट पायाशी येते, आणि बाहेरचे रबर कितीही नवे असले तरी ते थांबत नाही. तळाची छिद्रे चिखलाने बुजली असतील तर पाणी दारातच साचून खालची कड गंजते. रबर मागवण्यापूर्वी ही छिद्रे तारेने मोकळी करावीत, पडदा तपासावा, सनरूफ असेल तर त्याच्या निचऱ्याच्या नळ्याही पाहाव्यात. मग एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने पाण्याची नळी बारीक धारेवर, तोंडाला फवारा न लावता, खालून वर अशा क्रमाने काही काही मिनिटे धरावी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि ते नेमके कुठून शिरले हे कळत नाही.

पुढची काच चिकटवलेल्या प्रकारची असेल, तर तिच्या कडेचे रबर बऱ्याचदा केवळ शोभेचे असते. खरे बंधन आतल्या पॉलियुरेथेनच्या थराचे असते, आणि ते काम काच बसवणाऱ्या जाणकाराकडूनच करून घ्यावे. जाड रबराच्या चौकटीत बसणारी काच ही अधिक जुन्या गाड्यांची पद्धत आहे आणि तिथे रबर बदलण्याला अर्थ आहे.

हे रबर आवाज आणि धुळीपुरतेच असते, या विधानावर मात्र मला तीव्र आक्षेप आहे. गालिच्याखालचा फेल्ट पाणी धरून ठेवतो आणि वरून कोरडा वाटणारा गालिचा खाली महिनोन् महिने ओला असू शकतो. त्याखालचा पत्रा गाडीच्या मजबुतीचा भाग आहे. सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट त्याच भागात बसलेले असतात. अनेक गाड्यांत वायरिंग आणि एअरबॅगचे नियंत्रक सीटखाली किंवा मधल्या बोगद्यावर, म्हणजे पुढच्या दोन सीटमधल्या उंचवट्यावर असतात. याहून गंभीर बाब डिकीची. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धुराड्यातून निघालेला धूर तिथे घोटाळतो. डिकीचे किंवा मागच्या दाराचे रबर गळके असेल तर तो धूर आत ओढला जाऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. मागच्या सीटवर मुले बसत असतील तर डिकीच्या रबराची तपासणी सर्वांत आधी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

राहिला मुद्दा कोणतीही पट्टी ताणून बसवण्याचा. पट्टीचा छेद, पोकळ भागाची उंची, पत्र्याच्या कडेला पकडणाऱ्या खाचेची रुंदी या गोष्टी त्या-त्या गाडीच्या फटीनुसार ठरतात. जाड पट्टी लावली तर दार कडेला उठून राहते आणि बिजागरी व कुलपावर सतत ताण येतो; पातळ लावली तर ती दाबलीच जात नाही. जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून त्याचा छेद समोर ठेवूनच नवे रबर निवडावे, आणि गाडीच्या मॉडेलचे रबर मिळत असेल तर तेच घ्यावे.

ताणण्याबद्दल तर उलटच सांगायला हवे. ताणलेले रबर काही दिवसांत आखडून मूळ लांबीकडे जाते. मग कोपऱ्यात ते वळण सोडून सरळ रेषेत येते आणि जोडाच्या ठिकाणी फट पडते. त्यातला पोकळ भागही ताणामुळे चपटा होतो. म्हणून आधी जुना गोंद पूर्ण काढावा, कडेवरचा गंज घासून त्यावर प्रायमर आणि रंग द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा. मग कोपरे आधी बसवून सरळ भाग हाताने किंवा रबरी हातोडीने दाबत जावे, पट्टी किंचित सैल ठेवावी आणि शेवटचा काप सगळे बसल्यावरच घ्यावा. जोड दाराच्या चौकटीत खालच्या बाजूला यावा.

नवे रबर बसल्यावर दार जड लागते. तेव्हा रबर चुकीचे आहे असे समजून कित्येक जण ते ब्लेडने तासतात, किंवा त्यातली बारीक छिद्रे खराबी समजून बुजवतात. ती छिद्रे दार मिटताना आतली हवा निघून जावी म्हणूनच ठेवलेली असतात. ती बुजली तर दार आणखी जड होते. पट्टी सगळीकडे कडेवर पूर्ण बसली आहे ना हे पाहावे, फारच अडत असेल तर कुलपाचा स्ट्रायकर, म्हणजे चौकटीवरचा ज्यात कुलूप अडकते तो आकडा, किंचित बाहेर सरकवावा, आणि गाडी उभी असताना दारे पूर्ण मिटलेली ठेवावीत. दोनेक आठवड्यांत रबर आपली जागा धरते. त्यानंतर स्ट्रायकर मूळ खुणेवर आणून कागदाची पट्टी पुन्हा चौकटभर फिरवावी, आणि जिथे ती अजूनही निसटेल तिथे रबर उचलून खालची पत्र्याची कड वाकलेली आहे का ते तपासावे.