आपणहून राजीनामा द्यावा म्हणून?

परत कंपनीचा तोच मेल. पुढच्या महिन्यापासून पाचही दिवस हिंजवडीच्या ऑफिसात हजर व्हा. कारण काय, तर टीम एकत्र असली की काम चांगलं होतं. अहो, टीम आहे कुठे? एक बंगळुरूत, दोघी हैदराबादला, मॅनेजर नोएडात. ऑफिसात जाऊनही कानाला हेडफोन लावून त्याच कॉलवर बसायचं, मीटिंग रूम नसली तर कॅन्टीनच्या कोपऱ्यात.

२०२० च्या मार्चमध्ये लॅपटॉप देऊन घरी धाडलं, तेव्हा साताऱ्यातून केलेलं काम चाललं. आता रोज नुसतं जायलाच शंभरावर किलोमीटर, खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला की खोळंबा, पुढे वाकडची कोंडी आहेच.

सरळ बोलतो, यांना माणसं कमी करायचीत. काढलं तर नोटीस, भरपाई, वर बोभाटा. आपणहून गेलं की ती भरपाई द्यायला नको. ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून पाच दिवस सक्तीचे केले तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनाही हाच संशय आला होता. कंपनीने तो नाकारला.

आणि आधी कोण जातं? घरी तान्हं मूल नाहीतर अंथरुणाला खिळलेली सासू असलेली बाई. आमच्यातली एक गेलीच. तिच्या जागी कुणालाही घेतलं नाही, तिचं काम आमच्यात वाटून टाकलं.