जिन्यावरून गडगडणारा पियानो

विषय मन्यानं काढला. आदल्या रात्री त्यानं मोबाइलवर जाड्या-रड्याचा 'द म्युझिक बॉक्स' लावला आणि दहा मिनिटांत बंद केला. "एक जिना, एक खोकं, दोन माणसं. पैसेच नव्हते रे यांच्याकडे!"

"मग काय हवं होतं तुला? राजवाडा?" मी एकदम उसळलो. हा १९३२ चा बोलपट आहे, जेमतेम अर्ध्या तासाचा. त्यात हे दोघं खोक्यात बंद केलेला पियानो जिन्यावरून वर न्यायला धडपडतात. लॉस एंजेलिसमधला तो जिना खराखुरा आहे, १३३ पायऱ्यांचा. जिन्याचा सेट बांधायची गरजच पडली नाही. लघु विनोदी चित्रपटाचं पहिलं ऑस्कर यालाच मिळालं.

अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "ऑस्करचं सोड. विनोद मूकपटातच होता. चॅप्लिननं १९३१ मध्येसुद्धा पडद्यावर संवाद येऊ दिले नाहीत, ते उगीच का?"

अण्णांचं चॅप्लिनप्रेम मला मान्य आहे. पण रड्या, म्हणजे स्टॅन लॉरेल, त्याच चॅप्लिनबरोबर फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटकमंडळीतून १९१० मध्ये अमेरिकेला गेला होता. मूकाभिनय त्याच्याही अंगात मुरलेला होता. तरी आवाज आल्यावर तो घाबरला नाही.

"अण्णा, याच जिन्यावर या दोघांनी १९२७ मध्ये एक मूकपट केला होता. त्यात ते धुलाईयंत्र वर नेतात. बोलपटात त्याच्या जागी पियानो आला. का?"

अण्णा गप्प.

"कारण पियानो वाजतो! खोकं हातातून सुटलं की पायरीगणिक आतून झणझण ऐकू येते. खोकं नजरेआड गेलं तरी तो कुठवर पोचला हे कानाला कळतं. धडपड सगळी दाखवावी लागत नाही. कमी पैशात आवाजानं केवढं काम केलंय बघा."

"पण किती संथ आहे रे," मन्या अजून अडून होता.

संथ आहेच, आणि मला तेच आवडतं. जाड्या, म्हणजे ऑलिव्हर हार्डी, पडल्यावर लगेच उठत नाही. आपल्याकडे बघतो, सुस्कारा सोडतो. थिएटरातलं हसू ओसरायला तेवढा वेळ लागतोच. घाईत कापलं असतं तर ती नजर गेली असती. शिवाय तू दहा मिनिटांत बंद केलंस, म्हणजे पोस्टमन बघितलाच नाहीस! तो सांगतो की वरपर्यंत गाडीरस्ता आहे. आणि हे दोघं वर नेलेला पियानो पुन्हा खाली आणतात, रस्त्यानं न्यायला.

मन्या खो खो हसला आणि त्यानं मोबाइल काढला. आम्ही तिघं त्याच्यावर वाकलो.

"आवाज वाढव," अण्णा म्हणाले.