टोपीवालीची राज्यक्रांती

"क्रांती काय चोळीच्या फिती मोजून होते का रे?" सुध्यानं कटिंगचा ग्लास कट्ट्यावर आदळला.

रविवारी मन्याकडे आम्ही दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिचचा ‘मादाम ड्यूबारी’ बघितला होता. १९१९चा जर्मन मूकपट, त्यामुळे मध्ये बडबडायला मोकळीक होती. तरी खरं भांडण कट्ट्यासाठी राखून ठेवलेलं.

फितींचं प्रकरण असं. टोप्यांच्या दुकानात काम शिकणारी जान. एकीकडे प्रियकर आर्माँ, दुसरीकडे पैसेवाला डॉन दिएगो. जेवायला कुणाकडे जायचं? बया अंगावरच्या फिती मोजायला लागते. हा, तो, हा, तो. आणि जाते दिएगोकडे. पोला नेग्री हे इतकं मजेत करते की आपणही मोजायला लागतो! पुढे हीच मादाम ड्यूबारी, फ्रान्सच्या राजाची, पंधराव्या लुईची लाडकी, आणि शेवट गिलोटिनवर.

"लुई मेला १७७४ला, बास्तीलचा तुरुंग पडला, क्रांती पेटली १७८९ला," सुध्या सुटलाच. "मधली पंधरा वर्षं लुबिचनं गिळली. रिकामी तिजोरी, कर, पावाचे भाव, सगळं गायब. उरलं काय? लफडी!"

"अरे, पण तो बर्लिनमध्ये बसून काढतोय," मन्या म्हणाला. "त्याच वर्षी जानेवारीत तिथे रस्त्यात गोळ्या चालल्या, क्रांतिकारक रोझा लुक्झेम्बर्गला मारलं. जूनमध्ये व्हर्सायचा तह, सप्टेंबरात हा पिक्चर. क्रांतीबद्दल त्याला प्रेमाचं भरतं कुठून यायचं?"

आप्पांना तेच खुपत होतं. "गर्दी म्हणजे नुसता लोंढा दाखवलाय. चेहरा फक्त नायकांना."

मला विचाराल तर, गर्दी हलवायला लुबिच शिकला नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या नाटकमंडळीत. नजर मात्र घरची, बाप बर्लिनमधला शिंपी. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की खरं काय बोलतं, हे असल्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. राजाकडेही तो तसाच बघतो, गिऱ्हाईक म्हणून. अमेरिकेत तर ह्या पिक्चरचं नावच ‘पॅशन’ ठेवलं. इतिहास पाटीवरूनही पुसला!

"बरं, शेवटी न्यायासनावर कोण बसलंय?" मन्यानं पत्ता टाकला. "आर्माँ. तिला शिक्षा सुनावणारा."

"म्हणजे क्रांतीचा न्यायाधीशसुद्धा फितींत हरलेलाच."

"तेच तर लुबिच म्हणतोय!"

"अन् मी तासभर कशावर बोंबलतोय?" सुध्यानं अजून एक कटिंग सांगितला.