‘ब्लॅकसॅड’ची आठ वर्षं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘ब्लॅकसॅड’ ही माणसांसारखे वावरणारे प्राणी असलेली फ्रेंच चित्रकथामालिका; नायक बोका, पेशाने खासगी गुप्तहेर. तिच्या सहाव्या भागावरच्या माझ्या परीक्षणाला तुमचे आक्षेप तीन: २०१३च्या ‘अमारिलो’ या पाचव्या भागानंतर ‘ब्लॅकसॅड’चा सहावा भाग थेट २०२१मध्ये आला, तोही अर्धाच, रहस्य पातळ आहे, आणि चित्रांवर भाळून मी ते झाकलं.

अर्ध्या गोष्टीबद्दल तुमचं बरोबर आहे. उरलेला अर्धा, म्हणजे सातवा भाग, फ्रेंचमध्ये २०२३ला आला, त्याआधी निवाडा द्यायला नको होता. सहाव्याच्या शेवटच्या पानावर आल्मा, ब्लॅकसॅडची तिसऱ्या भागातली प्रेयसी, दिसते, तो धक्का तिसरा भाग न वाचलेल्याला लागतच नाही, हेही तेव्हाच सांगायला हवं होतं.

‘पातळ’ मात्र मान्य नाही. भुयारी रेल्वेच्या कामगारांचा पुढारी, वटवाघूळ केनेथ क्लार्क, जिवाच्या भीतीने ब्लॅकसॅडकडे येतो. पण तुम्ही मारेकरीच शोधत बसलात. नजर ठेवायची ती पूल बांधणाऱ्या ससाण्यावर, सॉलोमनवर. हे पात्र बेतलंय ते खऱ्याखुऱ्या रॉबर्ट मोझेसवर. एकदाही निवडून न येता या माणसाने न्यूयॉर्कचे पूल, बागा, महामार्ग ठरवले आणि क्रॉस-ब्रॉन्क्स महामार्गासाठी हजारो लोकांना घरांतून उठवलं. कथेतली नाटकमंडळीही उगाच आलेली नाही. १९५९मध्ये मोझेसने नाट्यनिर्माता जोसेफ पॅपचे सेंट्रल पार्कमधले फुकट शेक्सपिअर प्रयोग अडवले: तिकीट लावा, तुडवलेल्या हिरवळीचा खर्च भरा. पॅप कोर्टात गेला आणि जिंकला. इथे खून हा मोठ्या गुन्ह्याचा नुसता धागा आहे.

उशिराचं म्हणाल, तर दोघेही रिकामे बसले नव्हते. लेखक कानालेस ‘कोर्टो माल्टेझ’ ही दुसरी चित्रकथामालिका लिहीत होता. चित्रकार ग्वार्निदोने मध्ये आयरोल या लेखकाबरोबर एक जाडजूड पुस्तक केलं, ते २०१९मध्ये आलं. शिवाय हे जलरंग आहेत. एक हात वाळल्याशिवाय दुसरा दिला, तर रंग फुटतो नाहीतर गढूळ होतो, आणि गढूळ झालेली जागा पुन्हा उजळत नाही, कारण उजेड म्हणजे खालचा कागदच. त्यात नायक काळा बोका आणि प्रसंग रात्रीचे. सपाट काळा भरला की चेहराच हरवतो. म्हणून त्या काळ्यात निळसर, तांबूस छटा लागतात, दिव्याच्या बाजूची कड आधीपासून राखून ठेवावी लागते. हे चित्रांवर भाळणं नाही; कोण कुणाकडे बघतोय, हे त्या कडेवरूनच कळतं.

आता तिसरा भाग वाचा, मग सहावा आणि सातवा सलग. तरीही पातळ वाटलं तर पान क्रमांकासकट लिहा, तिथूनच पुढे बोलू.