येवा, कोकण तुमचाच आसा

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात यायचं तुमचं ठरलंय, असं कळलं. ठरायलाच हवं. कोरोनापायी दीड वर्ष तुम्ही घरात काढलंत, केक करायला शिकलात, गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्यात. एवढं सोसल्यावर समुद्रावर तुमचा हक्क झालाच. त्यात परवा, 9 ऑक्टोबर 2021 ला, आमच्या चिपीचा विमानतळही सुरू झाला. पूर्वी मुंबईचा खोकला रात्रभर एसटीत हिंदकळत यायचा, खारेपाटण येईस्तोवर अर्धा दमलेला असायचा. आता तास-दीड तासात ताजा पोचेल.

मी मालवणजवळच्या एका गावात चार खोल्या चालवतो. सरकारी भाषेत निवास-न्याहारी, पाटीवर होमस्टे, आणि माझ्या आयेच्या भाषेत ‘झीलान उगाच घातलेलो घोळ’. एक अनुभवी यजमान म्हणून तुम्हाला दोन शब्द सांगावेसे वाटले. लावून घेऊ नका.

निघण्याआधी फोन जरूर करा आणि पहिला प्रश्न हाच विचारा, ‘तुमच्याकडे केसेस नाहीत ना?’ मुंबई-पुण्याहून हा प्रश्न आला की आम्हाला फार बरं वाटतं. पूर आलेल्या नदीनं विहिरीची चौकशी करावी, ‘तुझं पाणी गढूळ नाही ना गं?’ तसं. आम्ही सांगतो, ‘नाय हो, अजून नाय.’ त्यातला ‘अजून’ तुम्हाला ऐकू जात नाही. रेंजचा प्रॉब्लेम.

दुसरा प्रश्न दराचा. ‘इतके दिवस सगळं बंदच होतं ना तुमचं, मग काहीतरी कमी करा की.’ दुकान बंद होतं म्हणून माल स्वस्त, हे अर्थशास्त्र मला मान्य आहे. फक्त ते माझ्या बँकेला समजावायला तुमच्यापैकी कोणीतरी सवड काढून यावं. 2020 साली मार्च ते ऑगस्ट सहा महिने कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची सवलत होती. हप्ते थांबले. व्याज काही थांबलं नाही, ते आपलं इमानेइतबारे वाढत राहिलं; गावात त्या काळात वाढणारं तेवढं एकच होतं. मग 2021 च्या मे महिन्यात, 16 तारखेला, तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. माझ्या दोन खोल्यांचे पत्रे शेजाऱ्याच्या बागेत आणि शेजाऱ्याचा माड माझ्या न्हाणीघरात, अशी देवाणघेवाण झाली. कित्येक दिवस वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी गाडीच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज केला, चालू केला, तर पहिला मेसेज : ‘सी-व्ह्यू रूममधून लाटा दिसतात का? आता रेट कमी असेल ना?’ त्या गृहस्थांचं काही चुकलं नाही. छप्पर नसलेल्या खोलीतून समुद्र जास्तच दिसतो.

मास्क आणा. न आणलात तर फोटोत उगाच बेजबाबदार दिसाल. गाडीत आरशाला जो छोटा गणपती लटकतो ना, त्याच्या गळ्यात अडकवून ठेवा. खारेपाटणचा नाका दिसला की काढून तोंडाला लावायचा, पोलिसानं ‘जावा’ म्हणून हात हलवला की परत गणपतीला. घाटावरून येणार असाल तर गगनबावडा, फोंडा, आंबोली, कुठूनही या, पद्धत तीच.

परवानगी, पास वगैरे भानगडी आता राहिल्या नाहीत, पण चौथी-पाचवी लाट कधी आलीच तर कसं वागायचं ते शिकून ठेवलेलं बरं. एप्रिल 2020 मध्ये, आमच्याकडे भाजीवाल्याला टेंपो काढायची चोरी होती तेव्हा, खंडाळ्याहून महाबळेश्वरला पाच गाड्यांतून तेवीस माणसं रीतसर गेली. हातात गृहखात्यातल्या बड्या अधिकाऱ्याचं पत्र होतं आणि पत्रात कारण होतं, कौटुंबिक तातडी. थंड हवेची तातडी कोणाला कधी येईल सांगता येत नाही. शेवटी पाचगणीत विलगीकरणात बसावं लागलं, पण हवा तिथलीही चांगलीच आहे. तुमच्याकडे असं पत्र नसेल तर मात्र तुम्ही नुसते प्रवासी. मग पास काढा.

इथे आल्यावर स्वच्छतेबाबत अजिबात तडजोड करू नका. एक कुटुंब गेल्या सीझनला आमच्याकडे उतरलं होतं. ताट आलं की आधी ताटावर फवारा, मग वाटीवर, चमच्यावर. सोलकढीवर मारणार होते, मुलीनं हात धरला म्हणून राहिलं. घावणे गरम तव्यावरचे आहेत, म्हटलं, त्यावर काही जगत नाही, तरी मारलाच. दुपारी मंडळी स्कूबाला गेली. तिथे होडीवरच्या पोरानं माउथपीस दिला, सकाळपासून किती तोंडांतून फिरून आलेला कोण जाणे. औषधाच्या बादलीत एकदा बुचकळला, ‘दातांत पकडा, तोंडानं श्वास घ्या’ म्हणाला, आणि पाचही जणांनी तो आज्ञाधारकपणे दातांत पकडला. पाण्याखाली कोरोना नसतो. मासे अंतर पाळतात, त्यामुळे असेल.

आमच्या घरी म्हातारं माणूस आहे, याची काळजी करू नका. उलट त्याचा पुरेपूर उपयोग करा. ‘चुलीवरची आजी’ हा तुमचा आवडता विषय आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. माझी आये पंच्याहत्तरीची, दम्याची. पाहुणे आले की आम्ही तिला माजघराच्या मागे हलवतो, पण चूल तिथेच आहे, आणि तुम्हाला चूल बघायची असते. आत या, तिच्या खांद्यावर हात टाका, गालाला गाल लावा, ‘आजी, हसा ना!’ म्हणा. परवा तिनं मला बाजूला घेतलं नि म्हणाली, ‘तेंका सांग, फोटो काढा, माका काय नाय, पन श्वास घराक जावन घेवा.’ मी ते पाहुण्यांना सांगितलं नाही. ‘आजी आशीर्वाद देतायत’ म्हटलं.

तुम्ही काम घेऊन येणार, त्याला आता वर्केशन म्हणतात. दिवसभर लॅपटॉप, संध्याकाळी बीच. वाय-फायचा स्पीड मात्र विचारून या. आमच्या जिल्ह्यात डोंगरावर झोपडी बांधून एका मुलीनं ऑनलाइन अभ्यास केला, ती बातमी तुम्ही कौतुकानं पुढे पाठवली होती. त्याच डोंगरांच्या खाली तुमचं बुकिंग आहे. कॉल ड्रॉप झाला की चढायला सुरुवात करा.

आणि चुकून आजारी पडलात तर? पडू नका. तुमच्या खिशात शहरातल्या हॉस्पिटलांची नावं असतात, आमच्याकडे उत्तर ठरलेलं आहे : ओरोस, म्हणजे जिल्ह्याचं सरकारी हॉस्पिटल. तिथं नाही जमलं तर ‘बांबोळीक न्हेवा’. एका बाईंनी हे ऐकून विचारलं, ‘ती आंबोळीसारखीच असते का? आम्ही खाऊन बघू.’ बांबोळीला गोव्याचं मेडिकल कॉलेज आहे, ताई. पहिल्या लॉकडाऊनमध्ये बांदा-पत्रादेवीला सीमा अडवली, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं की आपलं मोठं हॉस्पिटल परराज्यात आहे. तपासणीचे नमुनेही सुरुवातीला मिरजेला जायचे. नमुना घाट चढून जायचा, रिपोर्ट घाट उतरून यायचा, आणि तोवर माणूस एकतर बरा झालेला असायचा किंवा गावाच्या तोंडी लागलेला.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, आम्हाला तुम्ही नकोच आहात. छे छे. त्यासाठी तुम्ही आमच्या गावचं गाऱ्हाणं ऐकायला हवं होतं. देवळात मानकऱ्यांनी नारळ ठेवला नि सुरुवात केली, ‘बा देवा म्हाराजा, ही जी काय भायरची पिडा इली हा, ती येशीच्या भायरच रवांदे रे म्हाराजा!’ सगळे म्हणाले, ‘व्हय म्हाराजा!’ मग जरा थांबून, घसा खाकरून, ‘आनी पोराबाळांनी कर्जा काढून खोल्यो बांधल्यो हत, त्यो भरलेल्यो रवांदे रे म्हाराजा!’ या वेळचा ‘व्हय म्हाराजा’ जास्त जोरात निघाला. दोन्ही एकदम कसं करायचं, ते देवानं बघायचं.

देव बघेपर्यंत आम्ही आमच्या पातळीवर सोय केली. गावाच्या तोंडाशी एक पत्रा आहे, साधारण चार फुटी. मार्च 2020 मध्ये रस्त्यात आडवा बांबू टाकला तेव्हा मीच त्यावर तांबड्या रंगात लिहिलं होतं : ‘बाहेरच्या व्यक्तीस गावात प्रवेश बंद. आदेशावरून.’ कोणाच्या आदेशावरून, ते लिहिलं नाही, जागा संपली. नोव्हेंबरात दिवाळीला गिऱ्हाईक सुरू झालं तेव्हा नवीन पत्र्याचा खर्च कशाला, म्हणून तोच उलटा केला. मागच्या बाजूला निळ्या रंगात : ‘येवा, कोकण आपलाच आसा. एसी/नॉन-एसी रूम. घरगुती जेवण.’ बाण माझ्या घराकडे. एप्रिल 2021 ला दुसरी लाट आली, पुन्हा तांबडी बाजू. आता परत निळी. तारेनं बांधलाय, सोडायला दोन मिनिटं लागतात. ‘आपलाच’ म्हणजे तुमचा की आमचा, असं एका पाहुण्यानं मला विचारलं होतं. बाण आहे तिकडे जा, म्हटलं.

तांबड्या आणि निळ्या बाजूच्या मध्ये एक चतुर्थी येऊन गेली. तिचा तुमच्याशी तसा संबंध नाही, पण सूचनांच्या ओघात निघालंच आहे तर सांगतो. 2020 ची चतुर्थी 22 ऑगस्टला होती. चाकरमान्यांना नियम असा होता की 12 ऑगस्टच्या आत गावात पोचायचं आणि दहा दिवस विलगीकरणात राहायचं. त्यानंतर येणाऱ्याला चाचणी. माझा थोरला भाऊ, दादा, वहिनी आणि नऊ वर्षांचा पुतण्या असे 11 तारखेला रात्री एसटीनं उतरले. पत्र्याची तांबडी बाजू टॉर्चच्या उजेडात वाचली. अक्षर माझं आहे हे त्याला कळलं असणार, लहानपणी आमची एकच पाटी होती.

त्यांना मराठी शाळेत ठेवलं. दादा चौथीपर्यंत शिकला तीच शाळा, आमच्या घरापासून दोनशे पावलांवर. आमच्या ग्राम कृती दलानं दिवस मोजायला दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली, म्हणजे सुटका थेट चतुर्थीच्या सकाळी. मी दोन वेळा डबा नेऊन फाटकाच्या खांबावर ठेवायचो आणि दहा पावलं मागे सरायचो, मग दादा येऊन उचलायचा. पहिल्या दिवशी म्हणाला, ‘मेल्या, माझ्याच घराक जावक माका धा दिवस?’ दुसऱ्या दिवसापासून काही म्हणाला नाही. पुतण्या पाढ्यांच्या तक्त्याखाली अंथरूण घालून झोपायचा. आमच्याकडे माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची रानफळा-पानांची चौकट, बांधायचं काम दरवर्षी दादाचं. त्या वर्षी मी बांधली. संध्याकाळी शाळेच्या खिडकीतून हाक आली, ‘कवंडळा मधी नको, कडेक बांध!’ एवढ्या लांबून त्याला कसं दिसलं कोण जाणे. मी कडेला बांधली.

तीन महिन्यांनी निळ्या बाजूनं पहिली गाडी आत आली. दादर की माटुंग्याचं कुटुंब, म्हणजे दादाच्या चाळीपासून एखाद-दोन स्टेशनं. गाडी अंगणात थांबल्यापासून कोकम सरबत हातात पडेपर्यंत दहा मिनिटं लागली असतील. त्यांना मी कोपऱ्यातली खोली दिली; चांगला वारा येतो. ती दादाची खोली.

कृती दलातल्या एकानंही विचारलं नाही. त्यांच्यापैकी दोघांच्या स्वतःच्या खोल्या आहेत, एकाची होडी, एकाची रिक्षा.

तेव्हा तुम्ही निर्धास्त या. सुरमई आहे, पापलेट सांगून ठेवावं लागेल, लाटा उघड्या डोळ्यांनी दिसतील, पत्रे नवीन घातलेत. दादा यंदाच्या चतुर्थीला आला नाही. ऑफिसची सुट्टी मिळाली नाही म्हणाला. सप्टेंबरात सुट्टीचं असतंच असं.

काल दुपारी बुकिंगचा फोन आला. नंबर अनोळखी. पलीकडून अगदी स्वच्छ मुंबईची मराठी, ‘नमस्कार, दिवाळीत रूम मिळेल का? दोन मोठे, एक लहान. कोपऱ्यातली असेल तर बघा, वारा चांगला येतो असं ऐकलंय.’

मी वही ओढली, पेन शोधलं.

‘आणि तुमच्याकडे केसेस नाहीत ना?’

‘नाय,’ म्हटलं. ‘अजून नाय.’

‘बरं,’ दादा म्हणाला. ‘अ‍ॅडव्हान्स किती पाठवू?’