स्पंद नाहीत म्हणजे कृष्णविवरच, असं नाही

क्ष-किरण देणाऱ्या जोड्यांवरच्या (एक साधा तारा आणि एक अतिघन वस्तू) लेखात म्हटलंय, क्ष-किरणांत स्पंद, म्हणजे नियमित ठोके, नाहीत म्हणून तिथे कृष्णविवर. हा निकष उलटा लावलाय. स्पंद दिसले तर कृष्णविवर नाही हे नक्की, बहुधा न्यूट्रॉन तारा (मृत ताऱ्याचा अतिघन गाभा). न दिसल्यास काहीच ठरत नाही. वृश्चिक एक्स-१ या क्ष-किरण स्रोतात स्पंद नाहीत, तरी तो न्यूट्रॉन ताराच मानतात. काही सेकंदांत उसळून हळूहळू थंडावणारा स्फोट दिसला तरी प्रश्न मिटतो, कारण त्याला घट्ट पृष्ठभाग लागतो आणि कृष्णविवराला तो नसतो.

खरा पुरावा वस्तुमानाचा. जोडीदार ताऱ्याच्या वर्णरेषा (प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा) कक्षाभर मोजायच्या; त्या सरकतात त्यावरून ताऱ्याचा वेग कळतो. व्ही ४०४ सिग्नी या जोडीत आवर्तकाल ६.४७ दिवस, ताऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे २०८ किमी; त्यावरूनच अदृश्य वस्तूचं किमान वस्तुमान सूर्याच्या सहापट निघतं. न्यूट्रॉन ताऱ्याची मर्यादा साधारण तीनपट, म्हणून ते कृष्णविवर. मोजणी मात्र स्रोत शांत असतानाच हवी. अतिघन वस्तूभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीचा उजेड मिसळला की ताऱ्याच्या प्रकाशाचा चढउतार बुजतो, कक्षेचा कल (आपल्या दृष्टीने ती किती तिरकी आहे ते) कमी वाटतो आणि वस्तुमान फुगतं. इथेच बरेच जण फसतात.

आपल्या कोल्हापूरकरांसाठी: ऑक्टोबरात संध्याकाळी पन्हाळ्यावरून हंस (सिग्नस) तारकासमूह डोक्याच्या जरा उत्तरेला असतो. त्यातल्या सिग्नस एक्स-१ या कृष्णविवराचा नवव्या प्रतीचा (नुसत्या डोळ्यांना न दिसणारा) निळा जोडीदार तारा छोट्या दुर्बिणीतही सापडतो. हंसातल्या ईटा सिग्नी ताऱ्यापासून शोधा, जवळच आहे.