बदलायचंय? आधी वरच्यांना विचारून घ्या

सगळ्यात आधी आपल्या प्रोफाइलमध्ये 'चेंज एजंट' असं लिहून टाका. कसला चेंज आणि कुणाचे एजंट, कोणी विचारत नाही. मग वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमचा २०२५ चा जॉब्सवाला रिपोर्ट घ्या, अख्खा वाचू नका, एवढंच पाठ करा की २०३० पर्यंत कामाला लागणारी ३९ टक्के कौशल्यं बदलतील असं कंपन्यांना वाटतंय. मीटिंगमध्ये आकडा टाकायचा आणि जरा थांबायचं, सगळे माना डोलावतात. त्याच रिपोर्टात १७ कोटी नव्या नोकऱ्या येणार आणि ९.२ कोटी जाणार असंही आहे. लीडर असाल तर पहिला आकडा स्लाइडवर टाका, दुसरा एचआरकडे पाठवा.

आता अ‍ॅडाप्टेबिलिटी. ही, म्हणजे बदलाशी जुळवून घ्यायची तयारी, नेहमी खालच्याने दाखवायची असते, हे डोक्यात फिट करा. सॉफ्टवेअर बदललं, टीम बदलली, दोघांचं काम एकट्याच्या गळ्यात पडलं, की हसतमुखाने म्हणायचं 'लर्निंग अपॉर्च्युनिटी आहे'. पगाराचं काय म्हणून विचारलंत तर मात्र तुमचा माइंडसेट चुकीचा.

आणि कृपा करून वरच्यांच्या आधी बदलू नका. कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन नावाच्या इंजिनिअरने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा जुळवला, साडेतीन किलोच्या वरचं धूड, एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. साहेब लोकांना दाखवला तर म्हणे टीव्हीवर फोटो कोण कशाला बघेल. बरोबरच आहे, धंदा कॅमेऱ्याच्या फिल्मवर चाललेला ना! २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. माझ्या मते चूक सॅसनचीच, साहेबांच्या मनाची तयारी नसताना एवढं पुढचं सुचूच कसं शकतं माणसाला.

लीडरशिप शिकायची तर क्लास नको, ऑफिसातलं स्टेटसचं एक्सेल पुरे. प्रत्यक्ष काम करणारी पोरगी 'टेस्टिंग बाकी, सर्व्हर मिळालेला नाही' असं लिहून खाना लाल करते. टीम लीड म्हणतो लाल जरा जास्तच वाटतंय, पिवळा कर आणि 'टेस्टिंग सुरू होत आहे' लिही. मॅनेजर तोच पिवळा बघून म्हणतो अगं आपण ट्रॅकवरच आहोत की, हिरव्याकडे झुकतंय. डायरेक्टरच्या स्लाइडवर जाईपर्यंत गडद हिरवा, वर बरोबरची खूण. सर्व्हर अजून मिळालेलाच नसतो बरं का. प्रोजेक्ट आपटला की हीच साखळी उलटी खाली येते आणि पोरीला 'एस्कलेशन वेळेवर केलं नाहीस', म्हणजे अडचण वर कळवली नाहीस, म्हणून फीडबॅक मिळतो. या साखळीत मधोमध उभं राहायला जमलं की तुम्ही लीडर झालात, कारण खालून येणारं वाईट आणि वरून येणारं वाईट दोन्ही तुमच्या अंगाला न लागता पुढे जातं.

एआयचं टेन्शन घेऊ नका. टीमला सांगा की एआय शिका नाहीतर मागे पडाल, आणि तुमचा स्वतःचा मेल त्यांच्यातल्याच एकाकडून लिहून घ्या.

नोकरकपातीच्या आठवड्यात 'रेझिलिअन्स'चं, म्हणजे धक्के पचवायचं, वर्कशॉप मात्र नक्की ठेवा, त्याशिवाय लोकांना कळणार कसं की काहीतरी शिजतंय. शेवटी प्रश्नोत्तरांना पाच मिनिटं द्यायची, आणि सगळ्यांचे माइक म्यूट आहेत ना, ते आधीच बघून घ्यायचं.